बांधाचा पेंढा

मी गोड्या जमिनीची, मला दिली खाऱ्या जमिनीत. इथनं सुरू करा. निडी ठाऊक हाय ना तुम्हाला, नागोठण्याच्या पुढं आणि रोह्याच्या अलीकडं, गाडी थांबली न थांबली असं स्टेशन, तिथनं आत आमचं गाव. पावसात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, विहिरीचं पाणी गोड. आम्ही पाच बहिणी, मी चौथी, चौथीला कोण विचारतो. पेणच्या खाडीकाठच्या गावातनं स्थळ आलं आणि बाप बोलला, जमीन हाय, भात पिकतं, अजून काय पाहिजे. जमीन होती, खोटं नाय, पण ती खाडीकडनं मागून घेतलेली जमीन आहे आणि खाडी कधीही परत मागू शकते, हे बापाला कोणी सांगितलं नाय आणि त्यानं विचारलं नाय. मी असते तर विचारलं असतं. मी सगळं विचारते, हातात धरून, उलटंपालटं करून बघते. त्यावरनंच लोक मला वाईट बोलतात.

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सासू मला बाहेरकाठ्यावर घेऊन गेली. बाहेरकाठा म्हणजे गावाचा सगळ्यात बाहेरचा मातीचा बांध, पलीकडं खाडी, अलीकडं भातशेती. भरतीची वेळ होती. मी बघितलं आणि बोलले, आये, हे पाणी तर आपल्या शेताच्या वर हाय. ती हसली. वरच असतं गो, म्हणून तर बांध.

त्या बांधाजवळ दगडांचं एक गोल रिंगण होतं आणि त्यात पेंढ्याची मोठी उडवी रचलेली. सासू बोलली, ही बांधाची उडवी. भात झोडून झालं की घरटी पाच भारे इथं आणून ठेवायचे, गरीब असो की पैशेवाला, पाच म्हणजे पाच. याला गाय तोंड लावत नाय, यानं कोणी घर शाकारत नाय, चुलीला तर नायच नाय. का, तर उधाणाच्या भरतीला बांध फुटला, त्याला आमच्यात खांड पडली म्हणतात, तर हाळी द्यायची, घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतं, खुंट ठोकतात, आणि मग पेंढा, माती, पेंढा, माती असं दाबत जायचं. नुसती माती टाकली तर पाणी ती चहात साखर विरघळावी तशी नेतं. पेंढा मातीला धरून ठेवतो. मी माझ्या डोळ्यानं चार खांडी बुजवलेल्या बघितल्या, दोन वेळा तर मी स्वतः घमेलं उचललं, माझा मोठा मुलगा पोटात असताना.

माझा नवरा नामदेव. कमी बोलायचा, काय सांगू तुम्हाला, इतका कमी की शेजारणी विचारायच्या, वच्छे, तुझा नवरा मुका हाय काय गो. कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली शिफ्टला जायचा, कधी काम असायचं, कधी गेटवरनं परत. दोन मुलं झाली आणि मी बघितलं की याच्या शिफ्टवर भाकरी होईल पण कालवण होणार नाय. पेणमधे गणपतीचे कारखाने घरोघर, मूर्ती लांब पाठवायच्या तर पेंढ्यात बसवून पाठवतात. मी आमच्या घरचे दोन भारे डोक्यावर घेतले आणि चालत पेणला गेले. पहिला शेट बोलला, ठेव तिथं, संध्याकाळी बघू. मी बोलले, संध्याकाळी नाय, आता. तो बोलला, ओला हाय पेंढा. ओला! माझं डोकं फिरलं. मी भारा सोडला, त्याच्या कारखान्यात मधोमध पसरला आणि त्याच्यावर झोपले. बोलले, आता मी उठल्यावर माझं लुगडं ओलं दिसलं तर फुकट घ्या. रंगकाम करणारी माणसं हसायला लागली, शेट लाजला, भाव दिला. दुसऱ्या वर्षी तोच शेट खेचायला लागला तेव्हा बोलले, शेट, तुमचा देव माझ्या गादीवर बसून गोवा रोडच्या खड्ड्यातनं जातो, गादी नसली तर पोचेपर्यंत त्याचा उंदीर तेवढा राहील. तर अशी मी. शाळा दुसरीपर्यंत, पण दोन भाऱ्यांवरनं सुरू केलं आणि स्वतःचा टेम्पो घेतला. हात न लावता, नुसता वास घेऊन सांगते पेंढा कुठल्या महिन्यातला आणि किती दिवस टिकेल. पेंढ्यात वच्छीचा शब्द शेवटचा, असं पाच गावांत बोलायचे. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या शब्दानंच घात केला.

त्या वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत थांबला नाय. कापलेलं भात शेतातच तरंगलं, दाणा काळा पडला, पेंढ्याचा चिखल झाला. बांधाच्या उडवीला कोणी नवीन भारा घातला नाय, घालणार कुठनं. चैत्रात कारखान्यांचे फोनावर फोन, वच्छीबाई पेंढा आणा, कुठनंही आणा. मी पार सुधागडपर्यंत फिरले. चांगला पेंढा एकाच ठिकाणी होता. बांधाच्या उडवीत, मागल्या सालचा.

मी मागायला गेले नाय. हे मी तुमच्या पाया पडून सांगते. गजाभावजी स्वतः माझ्या दारात आले. गजानन, माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, उडवीची आणि उघाडीची म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची राखण त्यांच्या घराकडं, तीन पिढ्यांपासून. गोड बोलणारा माणूस, तमाशात असता तर नाव काढलं असतं. बोलले, वच्छे, बांधाला आता सरकारनं दगड लावलेत, खांड कसली पडते, पडली तर जेसीबी येईल. देवळात फरशी घालायची गावाच्या मनात हाय. उडवी पडून पडून कुजेल, त्यापेक्षा तू घे. गावाची बैठक झाली होती म्हणे. सगळे हो बोलले म्हणे.

मी उडवीपाशी गेले. वरनं काळी पडलेली, पावसाचा थर. मी हात आत घातला कोपरापर्यंत. आत सोनं होतं. कोरडं, करकरीत, दोन वर्षं अजून हललं नसतं. आणि गजाभावजी भाव बोलले. आता मी कोण, मी वच्छी, बोललेला भाव मी कधी घेतला नाय, देवळाचा असला तरी. मी हात बाहेर काढला, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि बोलले, भावजी, हा कुजलाय, आतनं गेलाय, मी उपकार म्हणून उचलते. तोंडातनं निघून गेलं. सवयीनं. भाजीवाली कशी बोलते, परवडत नाय, तसंच. त्यांनी भाव निम्मा केला. पण तिथं आठ-दहा माणसं उभी होती, आणि त्यातले दोन म्हातारे बैठकीत नको बोललेले, ते पण माझं ऐकून गप झाले. वच्छी बोलते कुजलाय म्हणजे कुजलाय, मग ठेवून काय करायचं. नामदेवनं आणि मी मिळून टेम्पो भरला. तो प्रत्येक भारा उचलायचा, हातात क्षणभर तोलायचा, मग माझ्याकडं बघायचा.

आषाढातली अवस. भरदुपारची भरती, वर दक्षिणेचं वारं. हाळी ऐकली तेव्हा मी भात वाढत होते. नामदेव घरी होता, त्या दिवशी शिफ्ट नव्हती, हे नशीब बघा. तो ताटावरनं उठला. दगड लावलेला तुकडा होता तसा उभा राहिला, त्याच्या शेजारी जिथं दगड संपला तिथं खांड पडली, आधी हातभर, मग बैलगाडी जाईल एवढी. घरटी एक माणूस कुठलं, अर्धं गाव कंपन्यांत शिफ्टला, आले ते पंधरा-वीस, त्यात म्हातारे आणि बायका. खुंट ठोकले. माती टाकली. माती गेली. पुन्हा टाकली, पुन्हा गेली. मग कोणतरी ओरडलं, पेंढा आणा रे पेंढा, आणि दोघं सवयीनं रिंगणाकडं धावले, आणि तिथं जाऊन उभे राहिले. नुसते दगड. ते दोघं वळून माझ्याकडं बघत होते ते मी मरेपर्यंत विसरणार नाय.

मी टेम्पो काढायला लावला, पेणला गेले, शेटच्या पाया पडले, बोलले, परत द्या, पाहिजे तो भाव घ्या. आयुष्यात पहिल्यांदा असं बोलले. तो बोलला, वच्छीबाई, मूर्ती गाड्या भरून बाहेरगावी गेल्या की हो, तुमचा पेंढा त्यांच्याबरोबर गेला. कोपऱ्यात उरलेले चार भारे मिळाले. जेसीबी? जेसीबी रस्त्याच्या तोंडाशी चिखलात रुतून बसला होता, त्याच्याच बाजूनं आमचा टेम्पो परत आला. मी पोचले तेव्हा खांड मोठ्या ओढ्याएवढी झाली होती आणि बांधावर बायका रडत होत्या. लोकांनी घरातल्या गोधड्या आणल्या होत्या, दारं काढून आणली होती. नामदेव एक दार पाठीला लावून खांडीत उभा राहिला होता, माती टाकणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून. दार आणि तो, दोन्ही एकदम गेले, मी पोचायच्या आधीच. दुसऱ्या दिवशी ओहोटीला खाडीतल्या तिवरांच्या झाडीत सापडला. दार नाय सापडलं. आमच्याच घराचं दार होतं.

शेतात गुडघाभर खारं पाणी दोन महिने. मग जमीन पांढरी पडली. आता चार पावसाळे झाले, पीक नाय. बांध नंतर सरकारनं बांधला, पण मीठ जमिनीतनं एका फाइलीनं जात नाय.

आता तुमच्या त्या कार्यक्रमांचं. संस्थेवाले आले, चांगली मुलं, वाईट बोलणार नाय मी. पेणला, रोह्याला, महिन्यातनं एकदा संध्याकाळी माणसं गोळा करायची, सतरंजी, चहा, आणि जुन्या माणसांनी गोष्टी सांगायच्या, पाऊस पूर्वी कसा होता, खाडी कशी होती, मासे कसले मिळायचे. मग हवामान का बदललं ते एक जण सांगतो, मग तिवरं लावायला कोण येणार ते हात वर. मला कोणी बोलावलं नव्हतं. मला कारखान्यातल्या एका रंगारणीनं सांगितलं, मावशी, तुमच्या गावचा एक माणूस काय गोष्ट सांगतो हो, बायका रडतात, बांध विकणाऱ्या बाईची गोष्ट. मी बोलले, कुठल्या बाईची?

पुढच्या वेळी रोह्याला होता तेव्हा मी गेले. गाडीनं गेले, वाटेत निडी लागलं, खिडकीतनं माझ्या बापाची शेतं दिसली, हिरवीगार वालाची, मी तोंड फिरवलं. हॉलमधे मागं बसले, पदर पुढं ओढून. गजाभावजी उभे राहिले, माईक धरला, आणि सांगू नका तुम्ही, आवाज असा लावला जसं कीर्तन. एक होतं खारं गाव. गावाला होता एक बांध. बांधाला होता पेंढा. आणि गावात होती एक हावरी बाई. नाव नाय घेतलं. नाव घ्यायला लागतच नाय. तिनं बांधाचा पेंढा देवाच्या मूर्तीला विकला, आणि पाणी आलं ते आधी तिच्याच दारात आलं, तिचाच धनी नेला. हॉल चुकचुकला. पुढं बसलेल्या एका बाईनं डोळे पुसले. नामदेवचं मरण असं हातावर घेऊन प्रसाद वाटल्यासारखं वाटत होता मेला.

मी उठले. मला काही दिसत नव्हतं. मी ओरडले, फरशीचं सांग! देवळातल्या फरशीचं सांग ना, मेल्या! विकला कोणी? मी चोरला काय? बैठक कोणी घेतली? सगळे मागं वळले. संस्थेची मुलगी धावत आली, ताई, शांत व्हा, ताई, पाणी घ्या. मी बोलले, पाणी नको, पाण्यानंच खाल्लंय. गजाभावजी माईकमधे एवढंच बोलले, बघा, हीच ती. आणि लोक हसले नाय, ते एक बरं झालं. मुलगी बोलली, पुढच्या महिन्यात पेणला तुम्ही सांगा तुमची गोष्ट, पूर्ण सांगा. मी बोलले, सांगते.

महिनाभर मी मनात जुळवत होते. फरशी, बैठक, कोण कोण हो बोललं, एकेकाचं नाव. माझा एक शब्द तेवढा मी त्यात घेत नव्हते. कुजलाय, हा. तो खोटा होता हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलांना पण नाय. लोकांना वाटायचं पेंढा खरंच कुजलेला होता, विकला तरी कुजलेलाच विकला. माझ्या भांडणाचा पाया तोच होता, की कुजलेल्या पेंढ्यानं तशी पण खांड बुजली नसती.

कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी गजाभावजी आले. ओटीवर बसले, चहा घेतला. बोलले, वच्छे, सौदा करू. मी माझ्या गोष्टीतनं बाई काढतो, तू तुझ्या गोष्टीतनं फरशी काढ. देवळाचं नाव शहरातल्या माणसांत कशाला. पाणी आलं, निसर्ग बदलला, दोघंही एवढंच सांगू. मी बोलले, आणि नाय काढली तर? ते हळूच बोलले, नाय काढलीस तर मला नामदेवचं सांगावं लागेल. टेम्पो भरला त्या रात्री तो माझ्याकडं आला होता. बोलला, दादा, पेंढा चांगला हाय, परत घ्या. मी बोललो, तुझीच बायको बोलते कुजलाय. तर बोलला, तिला बोलू नका काही, पण पेंढा परत घ्या. मी नाय घेतला, फरशीवाल्याला शब्द दिला होता.

हातात कप होता तो मी खाली ठेवला. म्हणजे त्याला कळलं होतं. पहिल्या भाऱ्यालाच कळलं होतं, आणि गजाभावजीला पण कळलं होतं, तिघांना माहीत, आणि तिघं पावसाळ्याची वाट बघत बसलो. आणि तो मुका माणूस माझ्यासाठी जन्मात एकदा कोणाच्या दारात बोलायला गेला होता. मी एवढी सौदेवाली, पण असा सौदा माझ्यासमोर कधी आला नव्हता. माझी बदनामी पण थांबणार आणि माझं खोटं पण झाकलेलं राहणार, दोन्ही बाजूंनी माझाच फायदा. मी बोलले, भावजी, उद्या बघू.

पेणला तुम्ही पुढच्या खुर्चीवर होतात, लिहून घेत होतात, म्हणून तर आज तुम्हाला घरात घेतलं. तुम्ही ऐकलंत. फरशी सांगितली, बैठक सांगितली, आणि मग मी बोलले, पेंढा कुजला नव्हता, मी खोटं बोलले, भाव पाडायला. आणि माझा नवरा गजाभावजीकडं गेला होता ते पण सांगितलं. मला वाटलं आता भावजी उठतील, बोलतील, व्हय, माझं पण चुकलं. ते उठले. बोलले, ऐकलंत, बाईनं स्वतः कबूल केलं. बसले. संस्थेच्या मुलीनं माईक घेतला, बोलली, खूप धाडसी गोष्ट होती, आपण सगळ्यांनी यातनं शिकूया, आणि चहा आहे. टाळ्या पण झाल्या. टाळ्या कशाला वाजवतात माणसं, मला कळलं नाय.

गजाभावजीची गोष्ट अजून चालू हाय. आता ती लांब झाली, शेवटी बाई रडत कबूल करते असं घातलंय त्यांनी. मी रडले नव्हते, तुम्ही होतात. फरशी त्यात अजून नाय. आणि गाव माझ्यावर उलटलं, पेंढ्यासाठी नाय हां, देवळाचं नाव पेणमधे घेतलं म्हणून. हळदीकुंकवाला बोलावत नाय. दोन्ही मुलं पनवेलला, येतात, लवकर जातात.

मी काय केलं, निडीहून, माझ्या माहेरच्या शेतातला पेंढा आणला. भाव केला नाय, भाऊ बोलला ते दिलं, तोच घाबरला. तो पेंढा दगडांच्या रिंगणात रचला, पूर्वी होता तसा, वर झावळ्या टाकल्या. मग एका सकाळी हाळी दिली, घरटी पाच भारे आणा, विकतचे का असेनात. म्हातारी झाले पण आवाज अजून लांब जातो. कोणी दार उघडलं नाय. टळटळीत दुपारी एकटी एक बाई डोक्यावर भारा घेऊन बांधावरनं येताना दिसली. गजाभावजीची बायको, सुमन. भारा टाकला, कंबरेवर हात ठेवले, बोलली, गो वच्छे, माझ्या म्हशीच्या तोंडचा काढून आणलाय, नीट रच, तुझ्यासारखा वाकडा नको. आणि गेली. पाणी पण नाय घेतलं.

तर एवढं हाय. माझी उडवी आणि तिचा एक भारा. खांड पडली तर हातभर बुजेल, त्यापुढं नाय. आणि बुजवायला कोण येईल, अर्ध्यांनी जमिनी कोळंबीच्या तळ्यांना दिल्या, खारं पाणी आता त्यांना हवंच हाय. पावसाळा तीन आठवड्यांवर आलाय. मी रोज सकाळी जाऊन उडवीत कोपरापर्यंत हात घालून बघते.

तुमचं भलं होवो, बाई, तुमच्या घराचं दार पाठीला लावून कधी कोणाला पाण्यात उभं राहायची पाळी येऊ नये. लिहिलंत ते सगळं ठेवा, मला चांगलं दाखवायला काही कापू नका. शेवटी एक लिहा, मोठ्या अक्षरात नको, साध्याच. पेंढा चांगला होता.